हात आधी हलला की हँडल?

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी चिपळुणात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय वसुधाबाई, मोटारसायकलवरून नगर जिल्ह्यात गेला होतात म्हणे! शिर्डी केलीत ना?" नाही केली. शिंगणापूरही नाही केलं. किल्ला पाहिला नाही, धरण पाहिलं नाही. सहा दिवस तिथे होते आणि सहाही दिवस एका दूधवाल्याच्या गाडीमागे गेले. असं सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी गणिताची शिक्षिका, आता निवृत्त. मोटारसायकल माझ्या नवऱ्याची. तो गेल्यावर विकायला काढली होती. गिऱ्हाईक येईपर्यंत बंद पडू नये म्हणून अंगणात चालू करून ठेवायची, मग अंगणात एक फेरी, मग गल्लीत. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला मी हाकलून दिलं. तेव्हापासून ती मीच चालवते, मीच उघडते, मीच जोडते, आणि गाडीतलं मला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. त्या समजाचं पुढे काय झालं तेही सांगते, लपवत नाही.

रूथ माझी डी.एड.ची मैत्रीण, वयाने माझ्याहून थोडी लहान. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. ती आता कोपरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, कालव्याकाठी राहते आणि तिथल्याच शाळेत शिकवते. तिचा नवरा दानियल गावातलं दूध गोळा करून रोज सकाळी मोटारसायकलवरून कोपरगावच्या डेअरीला घालतो. तर हा माणूस दोन महिन्यांत तीन वेळा गाडीवरून पडला. तिसऱ्यांदा कालव्याच्या रस्त्यावर बेशुद्ध सापडला.

"वसू, त्यांच्या वडलांना फिट यायची," रूथ फोनवर म्हणाली. "आधी हात थरथरायचे, मग पडायचे. एक दिवस कालव्यात पडले, ते गेलेच. आता हे म्हणतात, माझेपण हात आधी थरथरतात. नगरच्या डॉक्टरांनी डोक्याला वायरी लावून बघितलं, काही निघालं नाही. पण नक्की कळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही म्हणाले. तू ये. गाडी बघ एकदा. गाडीत काही असलं तर..."

"आणि नसलं तर?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

सुपा

घाट चढून पुण्याला बहिणीकडे मुक्काम, आणि मंगळवारी पुणे ते कोपरगाव. पुण्याच्या अलीकडचं काही लिहिण्यासारखं नाही. सुप्याला चहाला थांबले तेव्हा एमआयडीसीतली पाळी सुटली होती आणि टपरीवर निळ्या शर्टांची गर्दी होती. मी हेल्मेट काढलं तशी गर्दी जराशी शांत झाली.

"आजी, कुठवर?" एकाने विचारलं.

"आजी तुझ्या घरी. कोपरगावला."

सगळे हसले, तोही हसला. मग मात्र त्याने मला नीट समजावून सांगितलं. "राहुरीपास्नं पुढं जपून जा. कारखाने चालू हायेत. उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आसत्यात आन मागच्या ट्रॉलीला लाइट नसतो. उजेड हाय तवर पोचा." चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा, पण त्याच्यासमोर मी तो संपवला.

नागापूरच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अर्धा तास अडकले, ते सोडलं तर पुढचा रस्ता सुखाचा. आमच्याकडे गाडी पन्नासच्या पुढे नेली की समोर वळण, म्हैस नाहीतर रिक्षा येतेच. इथे रस्ता आपला सरळ जातो आणि दोन्ही बाजूंनी ऊस. थंडीचे दिवस, वाऱ्यात गुऱ्हाळाचा वास. माणूस नकळत साठावर जातो. मीसुद्धा गेले, आणि बरं वाटलं मला.

कालव्याकाठी

दारात रूथ आणि दानियल दोघंही उभे. "सलाम, ताई," दानियल म्हणाला. ही त्यांच्यातली पद्धत. नगरकडचे ख्रिस्ती लोक नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात. मीही सलाम म्हटलं. दानियल बुटका, साठीचा, पिळदार माणूस. लग्नात पाहिला होता तेव्हा एका जागी बसत नव्हता. आता ओट्यावर बसून होता आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, जणू सुटला तर पळून जाईल.

जेवायला शेंगोळे होते. कुळथाच्या पिठाच्या वळकट्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या. कुळथाची पिठी आम्ही रोज खातो, पण आमची पिठी गरीब बापडी. या शेंगोळ्यांनी मला घाम फोडला. रूथ म्हणाली, "सोलकढी न्हाई बरं का इथं. पाणी पी." मी पाणी प्यायले, नाक पुसलं आणि आणखी घेतले.

जेवल्यावर मी दानियलला सरळ विचारलं, "भावजी, पडायच्या आधी काय होतं?"

"हात थरथरत्यात. आधी बारीक. मंग लई. मंग हँडल हातात ऱ्हात न्हाई."

"हात आधी हलतो की हँडल?"

"हात, ताई. माजा हात मला कळंना व्हय? बाचं बी असंच हुतं."

"अहो, पण गाडीचं हँडल..."

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुमी आलात, बरं वाटलं. पन मला ठावं हाय काय हाय ते."

असल्या बोलण्याचा मला राग येतो. वर्गात गणित न सोडवताच 'मला येणार नाही' म्हणणाऱ्या मुलांचा यायचा तसाच. म्हटलं, उद्या गाडी बघू, मग ठरवा काय ते.

भरल्या कॅनांनिशी

बुधवारी सकाळी गाडी ओट्यासमोर घेतली. चाकांतली हवा बरोबर. चाक फिरवून पाहिलं, सरळ. हँडलच्या मानेतलं बेअरिंग पाहिलं, घट्ट नाही, सैल नाही. ब्रेक ठीक. गाडी मागून चांगलीच उंच होती, पण दूधवाल्यांच्या गाड्या तशाच असतात आणि माझे पाय लांब, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रिकामी गाडी शाळेपर्यंत फिरवून आणली. गल्लीतला रस्ता, तिसाच्या वर जायची सोय नाही. गाडी सुतासारखी.

मग म्हटलं, जशी रोज जाते तशीच नेऊन बघू. दोन्ही अंगांना दोन-दोन असे चार कॅन भरून लावले. हल्ली दूध पुतण्याच्या टेम्पोतून जायचं, त्यात बसून दानियल माझ्या मागे. मला वाटलं होतं ओझ्याने तोल जाईल, पण कसलं काय! कालव्याच्या सरळ रस्त्यावर साठाने नेली, हँडल नुसतं दोन बोटांनी धरलं तरी गाडी रेषेत. डेअरीच्या दारात दूधवाल्यांनी माझ्याकडे बघून कॅन उतरवायला धाव घेतली, आणि खोटं कशाला बोलू, मला मिरवल्यासारखं झालं.

तिथेच दारात मागच्या चाकात खिळा गेला. पंक्चरवाल्याकडे आधीच चार चाकं पडलेली. "उद्या न्या," म्हणाला. गाडी तिथेच ठेवून आम्ही टेम्पोतून परतलो.

घरी येताच मी हात धुता धुता जाहीर केलं, "गाडी ठणठणीत आहे. तिच्यात काहीसुद्धा दोष नाही!"

दानियल म्हणाला, "मंग झालं," आणि उठून गोठ्याकडे गेला. रूथ धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी चांगली म्हणजे माणूस आजारी. मी चिपळूणहून येऊन त्या माणसाला त्याच्याच ओट्यावर निकाल वाचून दाखवला होता, तोही हसत. कर्म माझं!

घासाच्या वाफ्यात

गुरुवारी रूथ शाळेत गेली, टेम्पो दूध घेऊन निघाला. मी टेम्पोतूनच कोपरगावला गेले, पंक्चर काढलेली गाडी घेतली, आदल्या दिवशीचे रिकामे कॅन तिला लावले आणि निघाले. मन नव्हतं थाऱ्यावर. कालव्याचा रस्ता लागला. ऊन पडलं होतं, रस्ता मोकळा, चाळीस झाले, पन्नास झाले.

साठाच्या आसपास माझे हात थरथरायला लागले.

अगदी हेच माझ्या मनात आलं. 'माझे हात का थरथरताहेत? सकाळी खाल्लं नाही म्हणून?' तळव्यांत बारीक मुंग्या, मग मनगटं, मग कोपरं, आणि पुढच्या क्षणाला हँडल डावीकडे-उजवीकडे असं फडफडायला लागलं की मला ते दिसेना. कॅन खणखणत होते. अशा वेळी हँडल आवळायचं नसतं, ब्रेक मारायचा नसतो, हळूहळू वेग कमी होऊ द्यायचा असतो, हे मला पाठ आहे. मी हँडल जीव खाऊन आवळलं आणि पुढचा ब्रेक मारला.

गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मी घासाच्या वाफ्यात जाऊन आपटले. घास म्हणजे इकडचा जनावरांचा हिरवा चारा. नुकतंच पाणी दिलेलं होतं, म्हणून आज हे लिहिते आहे. हेल्मेटमध्ये चिखल, कोपर सोललेलं, एक बूट चिखलात रुतून राहिलेला. मी तशीच बसले आणि मला हसू फुटलं.

"पडले! अहो, मी पडले!"

घास कापणारी एक बाई विळा टाकून धावत आली. हिराबाई तिचं नाव, पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेल्या टोळीतली. त्या दिवशी तोड बंद म्हणून घास कापायला आलेली. तिला वाटलं माझ्या डोक्याला मार लागला. "बाई, गप बसा, पानी आनते," म्हणाली. पाणी पाजता पाजता ती म्हणाली, "त्या दूधवाल्याचं बी आसंच झालतं."

माझं हसू थांबलं. "तुम्ही बघितलंत?"

"व्हय. हितंच तर. म्या बांधावर हुते. आधी गाडी नाचाया लागली, तुमची नाचली तशीच. त्यो लई धरत हुता बिचारा. मंग पडला, डोस्कं दगडावर आपटलं, मंग बेसुद झाला."

"पडल्यावर बेशुद्ध? आधी नाही?"

"आधी कसा? आधी तर बोंबलत हुता की, 'ये धर, ये धर' म्हनून. सुद नसलेला मानूस बोंबलंल का?"

"मग हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

हिराबाईने माझ्याकडे बघितलं. "मला कुनी इचारलं?"

मी त्या चिखलातच तिला मिठी मारली. ती आधी लाजली, मग माझा बूट शोधून दिला.

गाडी ढकलत, पुढे विसाच्या वेगाने हळूहळू चालवत मी घरी पोचले. दानियल ओट्यावरच होता. माझं ध्यान बघून ताडकन उठला.

"ताई! काय झालं?"

"भावजी, मीपण पडले!" मी ओरडले. "आणि माझेपण हात आधी थरथरले! मला वाटलं हातच थरथरताहेत, शप्पथ! आता माझ्या बापाला काही फिट येत नव्हती. तो नव्वद वर्षं जगला आणि झोपेत गेला!"

मग हिराबाई काय म्हणाली ते सांगितलं, सगळं, 'ये धर'सकट. तो खाली बसला. "मी वरडत हुतो? मला काईच याद न्हाई वो," म्हणाला, आणि पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. पुसले म्हणजे चांगले खसाखसा पुसले, लपवलं काही नाही.

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात विचार करत बसलो. रूथने बरोबर जागेवर बोट ठेवलं. "तिन्ही वेळा हे येताना पडले. जाताना एकदाबी न्हाई."

"जाताना दूध आसतं म्हनून मी जपून जातो," दानियल म्हणाला.

"जपून कसले? काल मी भरल्या कॅननी साठाने गेले, गाडी हलली नाही. आज रिकाम्या कॅननी साठाने आले तर आपटले. भरल्याला सरळ आणि रिकाम्याला वाकडी, असली कसली गाडी?"

चहा उतू जायला लागला म्हणून रूथ उठली. गॅस बंद करायला तिने शेगडीच्या ओट्याखालून सिलेंडरची ट्रॉली बाहेर ओढली आणि माझं लक्ष ट्रॉलीच्या चाकांकडे गेलं. ओढल्याबरोबर चारही चाकं आपोआप वळली आणि ओढीच्या मागे मागे चालायला लागली. "थांब!" मी म्हटलं. "पुन्हा ओढ." तिने बिचारीने चहा तसाच ठेवून चार वेळा ट्रॉली ओढली.

मोटारसायकलचं पुढचं चाकही असंच मागे मागे येणारं असतं. हँडलचा दांडा मागे कललेला असतो. त्याच्या रेषेत खाली गेलात तर रेषा रस्त्याला जिथे लागते, त्याच्या थोडं मागे चाक टेकलेलं असतं. म्हणून चाक त्या रेषेच्या मागे ओढलं जातं आणि गाडी आपणहून सरळ राहते. ते अंतर फार वाढवलं तर गाडी वळायला कुरकुरते. फार कमी केलं तर वेगात चाकाला काही धरबंधच राहत नाही. हे मी पूर्वी वाचलेलं होतं, वहीत आकृतीसुद्धा काढलेली होती. आणि बुधवारी गाडीची उचललेली मागची बाजू बघून मला काय वाटलं? तर माझे पाय लांब आहेत!

रशीदभाईंचं गॅरेज

शुक्रवारी टेम्पोत गाडी घालून कोपरगावला. रशीदभाई दानियलचे जुने मेस्त्री, पांढरी दाढी, बोलायला मोकळे. "गाडी? अहो, मी दर पंधरा दिवसाला बघतो ती," म्हणाले. "दानियल म्हनतो हात थरथरतो. मी स्वतः चालवून बघितली, दोनदा. मस्त चालते."

"कधी बघितलीत?"

"सकाळी. डेअरीला जाताना थांबतात की सगळे."

"कॅन भरलेले असताना?"

"दूध काय रस्त्यावर उतरून ठेवनार? भरलेलेच की." आणि बोलता बोलता ते थांबले.

इकडची रीतच तशी आहे. दूधवाल्याला सकाळी जाताना वेळ असतो, येताना ऊन आणि घरची जनावरं. त्यामुळे या पट्ट्यातली प्रत्येक दुधाची गाडी मेस्त्रीपुढे उभी राहते ती भरल्या कॅननी, तपासली जाते भरल्या कॅननी, आणि 'बरोबर आहे' म्हणून जाते तीही भरल्या कॅननी. रिकामी गाडी कुणी बघतच नाही.

"मागचे शॉकअप कोणी बदलले?" मी विचारलं.

"मीच. उंच टाकले. ओझ्यानं मागचं चाक वर घासायचं. सगळ्यांना टाकतो."

"आणि पुढे काही केलंत?"

रशीदभाईंनी दानियलकडे बघितलं. दानियल म्हणाला, "मागनं उंच झाल्यावर माजे पाय भुईला पोचंनात, ताई. मंग मीच म्हनलो, पुढनं जरा खाली घ्या."

पुढचं चाक धरणारे दोन पाईप हँडलखालच्या पकडीत आवळलेले असतात. ते दोन बोटं वर सरकवून पुन्हा आवळले होते. मागून उचललेली गाडी पुढून आणखी खाली बसवलेली. दांडा जवळजवळ उभाच.

शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणला. दांड्याच्या रेषेत दोरी ताणून जमिनीवर खडूने खूण केली, चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडून दुसरी खूण. दोन खुणांत जेमतेम दोन बोटं. मग चारही कॅन पाण्याने भरले. गाडी मागे बसली, दांडा कलला, पुन्हा मोजलं. चार बोटं. मग रशीदभाईंनी स्वतःची गाडी आणली, कारखान्यातून आली तशी असलेली. साडेचार.

रशीदभाई खडू हातात धरून उकिडवे बसून राहिले. "या अल्ला! मी किती जनांना असं करून दिलंय, ताई," म्हणाले. दुकानात मागच्या बाकावर दोन दूधवाले आपापल्या कामासाठी बसले होते. त्यातला एक खाकरला. "माजीबी येताना वळवळती," म्हणाला. "मला वाटलं आदल्या दिसाची उतरली न्हाई." दुसरा म्हणाला, "मला वाटलं गुडघं गेलं." बघा! प्रत्येकाने आपापल्या अंगातला एकेक दोष हुडकून ठेवला होता. गाडीवर कुणी आळ घेतला नव्हता.

पुढचे पाईप मूळ खुणेवर आले. मागे त्याच मूळ उंचीचे, पण जाड स्प्रिंगचे शॉकअप बसले, म्हणजे ओझंही पेलेल आणि गाडीही वर उचलणार नाही. दानियलचे पाय टेकले. रशीदभाईंनी त्या दोघा दूधवाल्यांना बजावून सांगितलं, "आजपासून येताना थांबायचं. रिकामं. उन्हाचं कारन सांगायचं न्हाई." तापलेल्या माणसाला गार पाणी मिळावं तसं झालं मला त्यांचं ऐकून.

रिकामी फेरी

शनिवारी सकाळी मी आधी एकटी गेले. घासाच्या वाफ्यावरून तीन फेऱ्या, रिकाम्या कॅननी, साठापर्यंत. पहिल्या फेरीला वेग जपून जपून वाढवला, तिसऱ्या फेरीला मी गुणगुणत होते. हिराबाईची टोळी रस्त्याच्या पलीकडे ऊस तोडत होती. तिने कोयता वर करून दाखवला.

पण दानियलला बसू द्यायचं की नाही हे मी ठरवणारी कोण? बुधवारी एकदा निकाल वाचून झाला होता, पुन्हा ती घाई नको. रूथने नगरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. हिराबाईने काय पाहिलं ते त्यांनी रूथकडून दोनदा विचारून घेतलं, मग मला विचारलं, मग दानियलला. शेवटी म्हणाले, "यांना पडताना बघितलेलं माणूस पहिल्यांदाच मिळालं मला. तपासणी स्वच्छ होतीच. ही फिट नव्हे. चालवा गाडी. हेल्मेट घाला."

रूथ फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे मोठ्याने रडली. आम्ही दोघं बाहेर एकमेकांकडे न बघता उभे. मग ती बाहेर येऊन नवऱ्यावरच खेकसली, "बघताय काय? काढा गाडी!"

कालव्याच्या पुलावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. तो गेला, लांब ठिपका झाला, वळला, परत आला. रिकामे कॅन खडखडत होते. आमच्याजवळ थांबला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा.

"कशी आहे?" मी विचारलं.

"गप हाय, ताई. एकदम गप." आणि आणखी एक फेरी मारायला निघून गेला. ती फेरी कशासाठी होती, ते विचारायची काही गरज नव्हती.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या पुलावर कळलं. दुपारी कोंबडी होती. बाजरीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या मी, आणि मला भात लागतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

रविवार

शनिवारी संध्याकाळीच पाळकसाहेब आले होते, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू. गप्पांत कळलं की दानियल मंडळीतला वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे त्यांच्या प्रसादाचा, ट्रे तोच फिरवतो. द्राक्षरसाचे काचेचे इवलेसे पेले, काठोकाठ, सगळ्या सभेतून. दोन महिने त्याने ट्रे धरला नव्हता. कंबर दुखते असं सांगितलं होतं.

"उद्या पहिला रविवार. कसं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

दानियल म्हणाला, "उद्या मी घेतो."

रविवारी सकाळी मीही गेले. चपला बाहेर, आत सतरंज्या, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. गाणी पेटी-तबल्यावर, डोळे मिटले असते तर आमच्या गावच्या भजनात बसलेय असं वाटलं असतं. मी सर्वांत मागे, भिंतीला टेकून. प्रवचनातलं मला एक अक्षर आठवत नाही. माझं लक्ष पुढच्या टेबलावरच्या ट्रेकडे.

दानियल उठला. धुतलेला सदरा, केस ओले. त्याने ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्या ओळीपासून निघाला. प्रत्येकापुढे वाकायचं, थांबायचं, पेला उचलू द्यायचा, पुढे सरकायचं. म्हातारे हळू घेत होते, एकीचं पोर मध्येच हात घालत होतं. तो थांबायचा. रूथ माझ्यापुढे दोन ओळी होती. तिने तिचा पेला घेतला तेव्हा वर बघितलंसुद्धा नाही, नुसती त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

शेवटची ओळ माझी. मी घेणाऱ्यांतली नाही, हे त्याला माहीत होतं. मला ओलांडून परत जायला हरकत नव्हती. तरी तो माझ्यापुढे थांबला आणि वाकला. ट्रेमध्ये अजून सात-आठ भरलेले पेले होते.

"बगा, ताई," तो अगदी हळू म्हणाला.

मी बघितलं. एकाही पेल्यातला रस हलत नव्हता.